आधी पाणी, मग जाळ

दिवाळी आटोपली की किल्लारीत माझा गिझरचा हंगाम सुरू होतो, तो संक्रांत उलटेपर्यंत चालतो. उन्हाळ्यात कूलर आणि मोटारी, पावसाळ्यात ओल धरलेल्या वायरिंगचे घोळ, थंडीत गिझर. लातूरच्या आयटीआयमध्ये वायरमनचा ट्रेड करून बाहेर पडलो तेव्हा गिझर म्हणजे डॉक्टरांच्या नाहीतर कारखान्याच्या साहेबांच्या घरची वस्तू होती. आता ती अंगणवाडीच्या मदतनीस बाईंकडे असते, वीटभट्टीवरच्या मुकादमाकडे असते. दुकानातून कोरी आणलेली मात्र क्वचित. पुण्याच्या भावाने फ्लॅट बदलला म्हणून त्याचा जुना ट्रॅव्हल्सच्या डिकीत घालून धाडला, किंवा लातूरच्या एखाद्या लॉजने नवे बसवले आणि जुने भंगारातून फिरत इकडे आले. अशा गिझरला आधीच्या घरचं दुखणं असतंच, त्यात आमच्या गावचं मिळतं.

आमच्याकडचं गिऱ्हाईक ‘काय बिघडलंय’ हे नंतर विचारतं. आधी विचारतं, ‘किती लागतील?’ यात चूक काही नाही. सोयाबीनचा भाव पडलेला, पोराची फी तटलेली, अशा घरात सात-आठ हजारांचा नवा गिझर हा हिवाळ्याचा नव्हे तर वर्षाचा निर्णय असतो. पण या प्रश्नामुळे मिस्त्रीला एक सोपी वाट मिळते. झाकण उघडायचं, थर्मोस्टॅट बदलायचा, दोन-तीनशे घ्यायचे, निघायचं. आठ दिवस बरे जातात. मग पुन्हा फोन.

पाणी तापत नाही म्हणून बोलावणं आलं तर मी गिझरला हात लावायच्या आधी मीटरच्या काट्या सॉकेटमध्ये घालतो, आणि जाणं शक्यतो सकाळीच ठेवतो. दुपारी जाऊन उपयोग नसतो, कारण दुपारी दाब चांगला असतो. पहाटे सगळं गाव एकदम उठतं, पाण्याच्या मोटारी, पाणी तापवायचे रॉड, गिझर, सगळं एका डीपीवर येतं आणि शेवटच्या खांबावरच्या घरात 230 व्होल्टच्या जागी 170 उरतात. व्होल्टेज चौथाईने घटलं म्हणून उष्णताही चौथाईनेच घटते असं नाही. ती वर्गाच्या हिशेबाने घटते. दोन हजार वॅटची कॉइल 170 व्होल्टवर जेमतेम अकराशे वॅटचं काम करते. पंधरा लिटर पाणी जिथे अठरा-वीस मिनिटांत आंघोळीजोगं व्हायचं, तिथे पस्तीस मिनिटं लागतात. घरातल्यांना सवय वीस मिनिटांची. ते नळ सोडतात, कोमट पाणी येतं, मिस्त्रीला फोन जातो. असे कितीतरी गिझर मी काहीही न बदलता ‘दुरुस्त’ केले आहेत. पंधरा मिनिटं आधी बटण दाबा, एवढंच सांगून. त्याचे पैसे मागायला जीभ रेटत नाही आणि लोकही चहावर भागवतात.

दुसरं दुखणं पाण्याचं. आमच्या भागात काळा पाषाण, आणि त्याच्या फटींतून येणारं बोअरचं पाणी जड. बायका ते चुलीवरून ओळखतात: तुरीची डाळ शिजता शिजत नाही, साबणाला फेस धरत नाही. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या दुष्काळात ज्यांनी त्यांनी बोअर आणखी खाली नेले. खोल गेलेल्या बोअरचं पाणी जास्त जड असतं असा माझा अनुभव. असं पाणी थंड असताना निर्मळ दिसतं. त्यात विरघळलेला चुना तापल्याशिवाय बाहेर पडत नाही. आणि तो पडतो कुठे, तर जिथे सगळ्यात जास्त आच लागते तिथेच, कॉइलच्या अंगावर. पाणी साठच्या पुढे तापवलं की हा थर फारच वेगाने चढतो. तरीही लोक गिझरचा काटा शेवटपर्यंत फिरवून ठेवतात, आणि मग बादलीत तितकंच थंड पाणी ओतून आंघोळ करतात. काटा पन्नासवर आणला तर वीजही वाचते आणि कॉइलही. हे मी घरोघर सांगतो. ऐकतात पोरं, आणि पुढच्या खेपेला काटा पुन्हा शेवटाला दिसतो, कारण घरातल्या म्हाताऱ्या माणसाला वाफ दिसल्याशिवाय पाणी तापलं असं वाटत नाही.

मागच्या थंडीत ज्या घरी माझं सगळ्यात जास्त जाणं झालं ते अंगणवाडीत मदतनीस असलेल्या एका ताईंचं. घर पुनर्वसनातलं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे तीन छप्पन्नला भूकंप झाला, आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, लोक गणपती बुडवून येऊन झोपले होते. दगडमातीच्या भिंती आणि वर मणामणांची माती असलेली माळवदं झोपलेल्यांच्या अंगावर आली. त्यानंतर किल्लारी जुन्या जागेवरून उठली आणि ज्याची जेवढी जमीन त्या हिशेबाने लहानमोठी घरं मिळाली. ताईंच्या सासऱ्यांना सगळ्यात लहान, अडीचशे चौरस फुटांचं. पुढे त्याला पत्रा टाकून न्हाणी जोडलेली. त्या न्हाणीत पुण्याहून आलेला गिझर.

तो बसवतानाही वाद झाला होता म्हणे. पाण्यासकट पंधरा लिटरचा गिझर वीस-बावीस किलोच्या वर जातो, आणि आमच्याकडे डोक्यावर जड काही टांगायचं म्हटलं की पन्नाशीपुढची माणसं आधी भिंत ठोकून बघतात. मी तर हल्ली न विचारता आरपार बोल्ट घालतो, मागून पट्टी देतो, आणि नहाणाऱ्याच्या डोक्यावर न येता बाजूला येईल अशी जागा धरतो. गुबाळला तर वेगळीच तऱ्हा. तिथे पुनर्वसनात घुमटासारखी गोल घरं बांधली. गोलाव्याला गिझरची सपाट पाठ लागत नाही, मग लोखंडी अँगलचा स्टँड करावा लागतो, आणि त्याचा खर्च ऐकून माणूस रॉडवर येतो.

ताईंची तक्रार दोन तोंडांची होती. पाणी नीट तापत नाही, आणि, ‘भाऊ, नळाला हात लावलं की मुंग्या येऊलाल्यात.’ पहिली तक्रार सांगायला त्यांनी फोन केला होता. दुसरी बोलता बोलता निघाली. आधी येऊन गेलेल्या कुणीतरी दोन वेळा थर्मोस्टॅट बदलला होता. मुंग्यांचं त्याला सांगितलं तर तो म्हणाला होता, चप्पल घालून आंघोळ करा.

मी मेन पाडली आणि सॉकेट उघडलं. तिसऱ्या पिनेची हिरवी वायर मागे दुमडून टेप गुंडाळलेली. बोर्डाकडे गेलो, तिथे अर्थिंगची वायर होती, ती भिंतीतून बाहेर येऊन एका खिळ्याला गुंडाळली होती. खिळा भिंतीत, भिंत कोरडी. म्हणजे अर्थिंग नावाला. घरातलं कुठलंही यंत्र बिघडलं तर करंटला जमिनीत जायला माणसाशिवाय दुसरी वाट नव्हती.

मग गिझर सोडवला. पाणी काढलं तेव्हा तोटीतून आधी दूध मिसळल्यासारखं गढूळ आलं, मग थांबलं. तळाशी चिखल बसून तोंड बंद झालेलं. खालच्या फ्लँजचे नट एकाआड एक समोरासमोरचे सैल करायचे असतात, नाहीतर प्लेट तिरपी होऊन गॅस्केट फाटतं. शेवटच्या नटाला प्लेट सुटली आणि पांढरे पापुद्रे, अंड्याच्या कवचासारखे, घमेल्यात सांडले. कॉइल दिसतच नव्हती. बोटाएवढ्या जाडीची पांढरी खडबडीत कांडी, तिच्यात कुठे तरी आत तांब्याची नळी. टाकी गंजू नये म्हणून जो मॅग्नेशियमचा रॉड असतो, त्याची नुसती मधली तार उरली होती. तो रॉड झिजण्यासाठीच घातलेला असतो. टाकीच्या ऐवजी पाणी त्याला खातं. संपला की पाणी टाकीकडे वळतं. बहुतेकांना तो आत असतो हेच ठाऊक नसतं, आणि वर्ष-दोन वर्षांनी तो बदलावा हे विकणाराही सांगत नाही.

अशा कॉइलवर लोक संडास धुवायचं अ‍ॅसिड ओततात. चुना फसफसून जातो खरा, पण त्याबरोबर नळीचं अंगही जातं. मी किराणा दुकानातलं लिंबूफूल वापरतो, ढोकळ्यात घालतात ते. कोमट पाण्याच्या बादलीत मूठ-दोन मुठी विरघळवायचं, कॉइलची फक्त नळी बुडेल अशी लटकवायची, वायरींची टोकं बाहेर, आणि रात्रभर विसरून जायचं. सकाळी अर्ध्याहून अधिक कवच तळाशी पडलेलं असतं, उरलेलं लाकडी काडीने निघतं. खर्च वीस-तीस रुपये. तापत नाही म्हणून टाकून दिलेल्या कॉइलींतल्या बऱ्याच या उपायाने परत कामाला लागतात.

ताईंची लागली नाही. मीटरवर तिचा रोध सत्तावीस ओहम दाखवत होता, म्हणजे आतली तार शाबूत, तापणारही. पण मेगर लावला तर बॉडीशी इन्सुलेशन जवळजवळ शून्य. कवचाखाली नळीला चीर गेली होती. चुन्याच्या थरामुळे कॉइलची उष्णता पाण्यात उतरत नाही, नळी आतल्या आत जास्त तापत राहते आणि केव्हातरी उलते. चिरेतून ओल आत गेली, ओलीतून करंट टाकीला, टाकीतून नळाला. मुंग्यांचा उगम तिथे होता. थर्मोस्टॅट दहादा बदलला असता तरी तो तिथेच राहिला असता.

मी कागदावर लिहून दाखवलं. कॉइल, गॅस्केट आणि मॅग्नेशियमचा रॉड. अर्थिंगचा खड्डा, पाईप, वायर. आणि करंट गळताक्षणी मेन पाडणारा ईएलसीबी. सगळं मिळून नव्या गिझरच्या निम्म्याच्या पुढे जात होतं. ताईंचं मानधन अजून आलेलं नव्हतं. हातात जेवढे होते त्यात यातली एकच ओळ बसत होती.

बारावीत शिकणाऱ्या पोराकडे तोड तयार होती. ‘बंब विकू की. भंगारवाला दर सांगून गेलाय. नवा गिझर येतो त्याच्यात.’

अंगणात न्हाणीच्या कडेला तांब्याचा बंब होता, जुना, जाड पत्र्याचा, हाताला आठ-नऊ किलो भरेल असा. तांब्याचा भाव पाहता पोराचा हिशेब फार चुकीचा नव्हता. आजी ओसरीवर बसल्या होत्या, अर्धांगाने एक हात गेलेला. त्या तिथूनच म्हणाल्या, ‘बंबाला हात लावायचं नाही.’ भूकंपानंतर तो ढिगाऱ्यातून निघाला तेव्हा पोटात चेपलेला होता. ती चेप अजून आहे. त्या पहाटेचं दुसरं काही आजी बोलत नाहीत, बंब कसा निघाला तेवढं सांगतात.

मी पोराची बाजू घेतली नाही. त्यात आजींच्या भावनेचा भाग कमी होता. समजा बंब गेला आणि नवा गिझर आला. तो याच भिंतीवर, याच सॉकेटवर, याच बोअरच्या पाण्यावर लागणार. घर तेच, पाणी तेच, डीपी तीच. दोन-तीन वर्षांत त्याची कॉइल याच कॉइलसारखी उलणार आणि त्या दिवशी अर्थिंगची वायर खिळ्यालाच गुंडाळलेली असणार. पैसे थोडे असतील तेव्हा यंत्र शेवटी घ्यावं, असं माझं ठाम मत झालं आहे. आधी जमीन, मग ईएलसीबी, मग कॉइल. गिऱ्हाइकाला हा क्रम उलटा वाटतो, कारण अर्थिंग करून पाणी तापत नाही. दुकानदारालाही तो आवडत नाही. खड्डा आणि मीठ-कोळसा यात त्याला काय सुटणार?

तर ठरलं असं की पहिल्या पैशात अर्थिंग. गिझर तोवर बंद, नुसता बंद नाही तर वायर सोडवून ठेवलेला. आणि आंघोळी बंबावर.

बंब गळत होता. तोटीच्या मुळाशी कुणीतरी एमसील थापलं होतं, ते जाळाने भाजून सुटलं होतं. लातूरला मालाला गेलो तेव्हा बंब सोबत नेला. गंजगोलाईच्या बाजूला भांड्यांच्या दुकानदारांकडे विचारत गेलं की अजून डाक लावून देणारा माणूस सापडतो, फक्त दुकानावर पाटी नसते. त्याने जुना डाक खरवडून काढला, तांबं चकचकीत केलं, तोटी नव्याने बसवली आणि भरलेला बंब उलटसुलट करून दाखवला. निघताना मला, वायरमनला, त्याने बजावलं, ‘आधी पाणी, मग जाळ.’ कथलाचा डाक दोनशे अंशांच्या आसपासच वितळतो. बंबात पाणी आहे तोवर तांबं शंभराच्या वर जात नाही, डाक सुखरूप. रिकाम्या बंबात जाळ घातला की सांधा पाझरलाच. गिझरचाही नियम याहून वेगळा नाही. टाकी भरली की नाही ते न बघता बटण दाबलेल्या कोरड्या कॉइली मी दर हंगामात काढतो, काळ्यानिळ्या पडलेल्या.

बंब पेटवायला आमच्याकडे तुराट्या. तूर काढली की शेताच्या बांधावर त्यांचे भारे पडलेले असतात, फुकट. त्या भकाभक पेटतात, मधली नळी तापवतात, वर ओंजळभर भुसकट टाकलं की आच धरून राहते. धूर डोळ्यांत जातो, पाणी भरावं लागतं, राख काढावी लागते. ताई पहाटे अंगणवाडीच्या आधी हे सगळं करायच्या, तेव्हा बंब स्वस्त आहे असं कुणी मला सांगू नये. तो बाईच्या झोपेवर चालतो. पण तो उघड्यावर असतो एवढं बरं. काहींनी बंबाला कंटाळून गॅसचा गिझर घेतला आणि तो दाराखिडक्या लावलेल्या चार बाय चारच्या न्हाणीत बसवला. त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वासही नसतो. ते काम मी घेत नाही. बाहेरच्या भिंतीवर लावणार असाल तर येतो.

आणि रॉड. ‘तोवर रॉड वापरू का?’ हे ताईंनीही विचारलं. पाचशेच्या आत मिळतो, बादलीत टाकला की झालं. पण ज्या घरात अर्थिंग नाही त्या घरात प्लास्टिकच्या बादलीतला रॉड म्हणजे चिरलेल्या कॉइलचा गिझर, तोही हाताशी. पाणी किती तापलं ते बघायला लोक बटण चालू ठेवून बोट बुडवतात. मी नाही म्हणालो.

खड्डा पोराने खणला. चिडलेला होता, पण खणला. कमरेएवढं गेल्यावर मुरूम लागला, पहारीने काम चाललं. जागा मी मुद्दाम मोरीचं पाणी बाहेर पडतं तिथे धरली होती. अर्थिंगचा खड्डा ओला राहिला तरच कामाचा, आणि उन्हाळ्यात त्यात पाणी ओतायची आठवण कुणाला राहत नाही, मग सांडपाण्यानेच ते काम करावं. दीड इंची जीआय पाईप, भोवती कोळसा आणि जाड मीठ, वर माती, वायर बोल्टने आवळून बोर्डापर्यंत. मग फेज आणि अर्थिंगच्या मध्ये दोनशेचा बल्ब धरला. तो लख्ख पेटला तेव्हा पोराचा राग थोडा उतरला. ‘हे करंट जमिनीत चाललंय?’ त्याने विचारलं. भौतिकशास्त्रात त्याने हे लिहून मार्क मिळवले असणार.

बल्ब बघायला शेजारचे तात्या कुंपणाशी आले. त्यांच्याही मोटारीला हात लावला की झटका बसत होता, सहा महिन्यांपासून, आणि ते कोरड्या काठीने बटण दाबत होते. त्यांनी विचारलं, ‘एवढा मोठा खड्डा केलाव, तर दोन घरांचं भागंना का ह्याच्यात?’ भागतं. पण एका घरची गळती दुसऱ्या घराच्या नळाला येऊ नये म्हणून दोन्हीकडे ईएलसीबी पाहिजे, त्याशिवाय मी वायर जोडणार नाही, असं सांगितलं. तात्यांनी पंधरा मिनिटं घासाघीस केली, दोन ईएलसीबी एकदम घेतले तर दुकानदार किती सोडेल ते मला फोनवर विचारायला लावलं, आणि खड्ड्याचा निम्मा खर्च ताईंच्या हातावर ठेवला.

त्या निम्म्यात कॉइल आली, पण ती लावली ईएलसीबी बसल्यावरच. ईएलसीबी ताईंचं मानधन जमा झाल्यावर बसला, आणि तात्यांची वायरही त्याच दिवशी जोडली. काटा पन्नासवर आणून मी तो फिरवायचा खुंटाच काढून खिशात घातला. गिझर सुरू झाल्यावर आजींनी पाण्यात हात घालून बघितला आणि वाफ कुठाय म्हणून विचारलं. त्यांच्यापुरता बंब पेटतोच, मात्र आता तुराट्या पोरगा घालतो.